विद्यार्थ्यांचे लघुपट आणि जॉनरचे संकेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मास कम्युनिकेशन, पत्रकारिता किंवा चित्रपटनिर्मिती शिकणाऱ्यांना वर्षाअखेरीस साधारण ५ ते १० मिनिटांचा लघुपट, त्याचं पोस्टर आणि ‘आम्ही काय केलं व का केलं’ सांगणारं टिपण द्यावं लागतं. त्या कामात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं भयपटाची जास्त आहेत. विद्यार्थ्यांचा ओढा तिकडे असतो आणि चुकाही तिथेच लवकर उघड्या पडतात.

जॉनरचे संकेत म्हणजे नेमकं काय?

जॉनर म्हणजे चित्रपटाची जात : भयपट, रहस्यपट, विनोदी वगैरे. प्रेक्षक एखादा चित्रपट पाहायला बसतो तेव्हा त्याच जातीचे आधीचे चित्रपट त्याच्या मनात असतात. त्यामुळे काही गोष्टी न सांगता त्याला कळतात. रात्री एकटी मुलगी दाराच्या कडीकडे पाहते, कॅमेरा कडीवरच थांबतो, आणि पाहणाऱ्याला पुढचं उमगतं. असं न सांगता कळणं ज्यांच्यामुळे शक्य होतं ते संकेत.

ते चार ठिकाणी असतात : डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू, जागा आणि उजेड; कानावर पडणारे आवाज; ठरावीक स्वभावाची माणसं; आणि गोष्टीची घडण. अमेरिकन अभ्यासक रिक ऑल्टमन यांनी १९८४ च्या एका निबंधात सुटे घटक आणि त्या घटकांची रचना यांत फरक केला. विद्यार्थ्यांना हा फरक फार उपयोगी पडतो, कारण अडचण नेमकी तिथेच असते. पडका वाडा, कंदील, मोकळे केस हे सगळं जमवलं जातं आणि घडण राहून जाते. भयपटाची घडण साधारण अशी असते : एक मर्यादा घालून दिलेली असते, कोणीतरी ती ओलांडतो, आणि त्याची किंमत वाढत जाते. ही घडण पक्की असेल तर भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, एकही वाडा न दाखवता भीती उभी करता येते.

संकेत वापरले तर ती नक्कल होत नाही का?

संकेत ही प्रेक्षकाला दिलेली हमी आहे, आणि ती पाळल्याशिवाय मोडण्याला अर्थ येत नाही. आमचा सल्ला : तीन संकेत नीट पाळा, एकच मोडा, आणि तोही पहिला एक तृतीयांश भाग झाल्यावर. सहा मिनिटांच्या लघुपटात पहिली दोन मिनिटं प्रेक्षकाचा पाय जमिनीवर टेकू द्या.

नक्कल होते ती दुसऱ्या वाटेने, एखाद्या विशिष्ट चित्रपटातला प्रसंग, संवाद किंवा कॅमेऱ्याची हालचाल उचलल्यावर. ‘अंधाऱ्या जिन्यावर पावलं वाजतात’ हा संकेत सगळ्यांचा आहे. तीच पावलं, तोच जिना, तोच वरून घेतलेला शॉट आणि तोच शेवट आला की ती उचलेगिरी होते.

आमच्या गटाने कोणता जॉनर घ्यावा?

आवडीआधी हाताशी काय आहे ते पाहा. शूटिंगचे किती दिवस, किती नट, कोणती जागा आणि आवाज नोंदवायला काय, हे चार कागदावर लिहा.

भयपट एका जागेत, दोन नटांत होतो, पण आवाजावर उभा असतो. आवाजाचं काम आवडणारं गटात कोणी नसेल तर तो घेऊ नये. रहस्यपटाला खर्च कमी आणि कागदावरचं काम जास्त. पटकथेचे चार-पाच खर्डे व्हायलाच हवेत. विनोदी लघुपट सोपा वाटतो आणि आमच्या मते तो सर्वांत अवघड, कारण त्याला वेळेचं भान असलेला नट लागतो आणि संकलनात तो नट तयार करता येत नाही. ऐतिहासिक किंवा जुन्या काळातली गोष्ट टाळा : गावातल्या गल्लीतही डिश अँटेना, पेव्हर ब्लॉक आणि केबलच्या वायरी फ्रेममध्ये येतात आणि प्रत्येक शॉट अडतो. मारामारीचा प्रसंग प्रशिक्षित माणसाशिवाय करूच नका.

जॉनरचे संकेत शोधायचे कसे? आठवतील ते लिहून चालेल का?

चालत नाही. आठवणीत फक्त ठळक गोष्टी राहतात. मोजावं लागतं.

एकाच जॉनरचे तीन चित्रपट घ्या, त्यातला निदान एक मराठी. प्रत्येकातली सलग पाच मिनिटं निवडा : एकाची सुरुवात, दुसऱ्याचा मधला ताणाचा भाग, तिसऱ्याचा शेवट. मग शॉट थांबवत थांबवत तक्ता भरा. रकाने असे : शॉटचा क्रमांक, किती सेकंद, लांबचा की जवळचा, कॅमेरा हलतो का, उजेड कुठून, कोणते आवाज, आणि या क्षणी प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहिती आहे की कमी. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पाच मिनिटांच्या भागाला दोन-तीन तास लागतात. गटाने वाटून घ्या.

मग ३०० सेकंदांना शॉटच्या संख्येने भागा. सरासरी चार सेकंद येते की अकरा, यावरून त्या चित्रपटाचा श्वास कळतो. भयपट म्हणजे भराभर कट अशी समजूत या मोजणीत टिकत नाही. धक्क्याच्या आधीचे शॉट लांबच सापडतात, कारण प्रेक्षकाला फ्रेमचे कोपरे शोधायला वेळ द्यावा लागतो.

अभ्यासाला ट्रेलर घेऊ नका. ट्रेलरचे संकेत वेगळे असतात. ट्रेलर पाहून केलेला लघुपट ट्रेलरसारखाच दिसतो : झटके आहेत, गोष्ट नाही.

मराठी भयपटाचे स्वतःचे संकेत कोणते?

इथे खजिना आहे आणि तो पुरेसा उघडलेला नाही. तळघर, पोटमाळ्यावरची बाहुली, क्रूस घेतलेला पाद्री हे दुसरीकडून आलेलं सामान इथल्या घरात बसत नाही. आपल्याकडे माजघर आहे, माडी आहे, परसातली विहीर आहे, तिन्हीसांजा आहेत, उंबऱ्यावर बसू नये अशी ताकीद आहे.

शिवाय लोकसमजुतीतल्या प्रत्येक भुताला त्याचे नियम आहेत. मुंजा पिंपळावर राहतो. गिऱ्हा पाण्यात ओढतो. चकवा वाट चुकवतो. कोकणातला देवचार हद्द राखतो, आणि त्याचा मान ठेवला नाही तर कोपतो. नियम म्हणजे मर्यादा आणि मर्यादा म्हणजे तयार घडण. विद्यार्थ्यांसाठी यातला सर्वांत उपयोगी चकवा. त्याला मेकअप लागत नाही, पोशाख लागत नाही. रस्त्यावरची तीच मोरी किंवा तोच मैलाचा दगड तीन वेळा आला आणि प्रत्येक वेळी एकच तपशील बदलला, तर भीती तयार होते. पहिल्यांदा दगडाजवळ काही नाही, दुसऱ्यांदा चपलेचा एक जोड, तिसऱ्यांदा त्यातली एकच चप्पल.

दिवसाच्या निवडीतही वाव आहे. ‘अमावास्येची रात्र’ म्हटलं की कुट्ट अंधारच डोळ्यांपुढे येतो. पण लक्ष्मीपूजनही अमावास्येलाच असतं. घरभर पणत्या, दारात रांगोळी, फटाक्यांचा आवाज, आणि त्यात एका खोलीतली पणती पुन्हा पुन्हा विझते. संकेत तोच, जागा बदलली की ताजा होतो.

शहरातल्या गटांनी वाडा शोधत फिरू नये. पुनर्विकासासाठी निम्मी रिकामी झालेली चाळ, लांबलचक गॅलरी, बंद पडणारी लिफ्ट, बाहेरगावी गेलेल्या शेजाऱ्यांच्या घरात वाजणारा प्रेशर कुकर : एवढं पुरतं.

पांढरी साडी, पैंजण, मोकळे केस वापरायचेच नाहीत का?

वापरता येतील, पण आज ते पाहून प्रेक्षक घाबरण्याऐवजी ओळखीचं हसतो. वापरायचे असतील तर पहिल्या मिनिटात, दिशाभूल करण्यासाठी. भीतीचा शेवटचा आधार म्हणून नकोत.

लघुपटात भगत, मांत्रिक दाखवला तर काही अडचण?

दाखवण्याला बंदी नाही, पण विचार करूनच लिहा. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं, चटके देणं हे त्याखाली गुन्हे आहेत. ‘अंगात आलेल्या’ बाईला भगत झोडपतो आणि ती बरी होते, असा शेवट लिहिला तर लघुपट त्या गुन्ह्याच्या बाजूने उभा राहतो. मानसिक आजार असलेल्या माणसाला भुताच्या जागी बसवणं हा या जॉनरचा जुना आणि क्रूर संकेत आहे. मोडायला एकच संकेत निवडायचा असेल तर हा निवडा. भीती भुताकडून येते की घरच्यांकडून, हा प्रश्न पटकथेला खोली देतो.

दीड मिनिटाचा भीतीचा प्रसंग कसा बांधायचा?

कागदावर पाच टप्पे करा.

पहिले २० सेकंद जागेचा नकाशा : एक लांबचा शॉट, ज्यात दार, खिडकी आणि पात्र एकत्र दिसतं. हा शॉट वगळला तर पुढे कोण कुठे आहे हे कळत नाही, आणि गोंधळलेला माणूस घाबरत नाही. पुढचे १५ सेकंद रोजची क्रिया : भांडी लावणं, गॅस बंद करणं. मग काहीतरी किंचित चुकतं, पण पात्राच्या आधी ते प्रेक्षकाला दिसतं. त्यानंतर खोटा दिलासा : मांजर, वाऱ्याने हललेला पडदा. इथे पात्राने श्वास सोडायलाच हवा, तरच प्रेक्षकही सोडतो. मग दोन-तीन सेकंद जवळजवळ शांतता आणि धक्का, तो शक्यतो प्रेक्षकाची नजर जिथे नाही त्या बाजूने.

नेहमी बिघडतं ते चौथ्या टप्प्यानंतर. धक्का लगेच येतो किंवा फार उशिरा येतो. शॉट थोडा जास्त लांब घ्या, आणि संकलन करताना दर वेळी सहा-सहा फ्रेम (चित्रीकरणातली एकेक स्थिर चित्रं) काढत पाहा. हा आकडा आधी ठरवता येत नाही, टेबलावरच सापडतो. सहा मिनिटांत असे धक्के दोनपेक्षा जास्त नकोत. तिसऱ्याला प्रेक्षक तयार बसलेला असतो.

अंधारात शूट केलं की चित्र दाणेदार आणि मळकं का येतं?

कारण अंधार दाखवण्यासाठी अंधारात शूट केलं जातं. पडद्यावरचा अंधार उजेडाने तयार करावा लागतो. पात्राच्या मागची भिंत, दाराची चौकट किंवा ओली जमीन यातलं काहीतरी उजळ ठेवा. पुढचं पात्र आपोआप काळी आकृती होतं. एक ९ वॅटचा पिवळा एलईडी बल्ब दाराआडून आणि समोर उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा तुकडा, एवढ्यात छोटी खोली होते. मोबाइलवर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८०० च्या वर नेऊ नका. एक्स्पोजर (चित्र किती उजळ) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा पिवळी की निळी) लॉक करा, नाहीतर पात्र हललं की चित्र स्वतःहून उजळतं आणि भीती तिथेच संपते.

बाहेरचे रात्रीचे प्रसंग सूर्यास्तानंतरच्या २०-२५ मिनिटांत घ्या. आभाळात निळा उजेड असतो, घरातले दिवे पिवळे दिसतात. वेळ थोडा म्हणून तालीम दुपारीच संपवा आणि एका संध्याकाळी दोन-तीन शॉटच धरा. दिवसा शूट करून रात्र दाखवायची असेल तर व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनच्या आसपास, एक्स्पोजर दीड ते दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), ऊन पात्राच्या पाठीमागून, आणि फ्रेममध्ये आभाळ अजिबात नको.

ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली चित्रात काळे पट्टे सरकतात, ते कसे घालवायचे?

भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोबाइल मात्र बहुधा सेकंदाला ३० फ्रेम आणि त्याला जुळणाऱ्या शटरवर (एकेका फ्रेमला उजेड मिळण्याची वेळ) लावलेला येतो. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, पट्टे जातात. स्लो मोशन हवं असेल तर ५० फ्रेम आणि १/१००. त्याहून वेगात घरातले साधे दिवे साथ देत नाहीत. तो शॉट उन्हात घ्या. संकलनाच्या टप्प्यावर पट्टे काढणं जवळपास अशक्य असतं, म्हणून पहिल्या टेकनंतर लगेच मोठ्या स्क्रीनवर पाहा.

आवाजासाठी किमान काय करावं?

पंखा बंद. फ्रिज बंद, आणि निघताना तो चालू करायचा राहू नये म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा. खिडक्या बंद. रेकॉर्डरच्या मीटरवर संवादाची सर्वांत मोठी पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. प्रत्येक जागेत सगळ्यांनी गप्प उभं राहून ३० सेकंद त्या खोलीची शांतता नोंदवा. ती नसेल तर संकलनात संवादांच्या मधल्या फटी बहिऱ्या वाटतात.

जॉनरच्या अंगाने दोन गोष्टी. पहिली : आवाज आधी ठरवा, मग शॉट. जात्याची घरघर, रहाटाची कुरकुर, टिटवी, पत्र्यावरचा पाऊस यांतला एक आवाज लघुपटाचा म्हणून निवडा. तो सुरुवातीला साध्या प्रसंगात ऐकवा आणि शेवटी, जिथे तो असायला नको तिथे, पुन्हा आणा. दुसरी : ताणासाठी वापरला जाणारा खोल घुमणारा सूर बहुतेक ४० ते ६० हर्ट्झचा असतो आणि मोबाइलच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही. हेडफोनवर थरारक वाटलेला प्रसंग मग वर्गात कोरडा पडतो. त्या सुरावर २०० ते ४०० हर्ट्झमधला आणखी एक थर चढवा. अंतिम आवाज हेडफोन, मोबाइल आणि वर्गातला स्पीकर अशा तिन्हीवर ऐकूनच पक्का करा.

रहस्यपटात प्रेक्षकाला शेवट आधीच कळतो. कुठे चुकतं?

बहुतेकदा पुरावा दाखवण्यात. वस्तूवर जवळचा शॉट गेला की प्रेक्षक ती लक्षात ठेवतो. तोच तर या जॉनरचा संकेत आहे. म्हणून महत्त्वाची वस्तू पहिल्यांदा मध्यम शॉटमध्ये, दुसऱ्या कामाच्या ओघात दाखवा. पात्र चहा गाळतंय, बोलणं भलत्याच विषयावर चाललंय, आणि मागे खुंटीवर किल्ल्या आहेत. जवळचा शॉट खोट्या पुराव्याला द्या. उलगड्याच्या वेळी प्रेक्षकाला ‘हे माझ्यासमोर होतं’ असं वाटायला हवं. उलगड्याची माहिती शेवटच्या मिनिटात पहिल्यांदाच आली तर ती फसवणूक ठरते.

लिहिताना दोन स्तंभ करा : खरोखर काय घडलं त्याचा क्रम, आणि प्रेक्षकाला ते कोणत्या क्रमाने कळतं. हे दोन्ही कागद भिंतीवर शेजारी-शेजारी लावल्याशिवाय पटकथा लिहायला घेऊ नका. पाच-सात मिनिटांत संशयित तीन पुरेत. चौथ्याची ओळख करून द्यायला वेळच उरत नाही.

आणखी एक : ‘पटकथेचं एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब इंग्रजी मांडणीचा आहे. देवनागरीत फॉन्ट आणि ओळींतलं अंतर बदललं की तो कोलमडतो. घड्याळ लावून, हालचालींसाठी थांबत, मोठ्याने वाचून वेळ काढा.

विनोदी लघुपटासाठी?

कॅमेरा मागे घ्या. दोघांचं बोलणं एकाच फ्रेममध्ये असेल तर विनोद नटांच्या वेळेवर चालतो. सतत जवळचे शॉट कापत गेलं की तो संकलकाच्या वेळेवर चालतो, आणि तो बहुतेकदा चुकतो. हशा वाक्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर येतो, म्हणून प्रतिक्रियेचे शॉट भरपूर घ्या. विनोदी क्षणाखाली ‘टुंग’ असा आवाज घालू नका.

माहितीपटालाही जॉनरचे संकेत असतात का?

असतात, आणि ‘हे खरं आहे’ असं वाटायला लावणं हेच त्यांचं काम असल्याने ते जास्त जपून हाताळावे लागतात. हातात धरलेला हलता कॅमेरा, लेन्सच्या किंचित बाजूला पाहणारी नजर, खाली नावाची पट्टी, जुने फोटो, निवेदकाचा आवाज हे सगळं पाहिलं की माणूस विश्वास ठेवतो. म्हणून पुन्हा घडवून घेतलेला प्रसंग असेल तर पडद्यावर ‘नाट्यरूपांतर’ असं लिहा. बोलणाऱ्यांची लेखी संमती मुलाखतीआधी घ्या, आणि चित्रण कुठे दाखवलं जाणार हे त्यात स्पष्ट असू द्या.

मुलाखत घेताना प्रश्नासकट उत्तर द्यायला सांगा. ‘हो, तेव्हापासून’ हे वाक्य संकलनात निरुपयोगी. ‘धरणाचं पाणी आल्यापासून आम्ही ऊस लावतो’ हे वापरता येतं. हात, अवजारं, रस्ता, दारातली वर्दळ अशी पूरक दृश्यं मुलाखतीच्या वेळेच्या निदान चौपट असू द्या. प्रत्येक शॉट न हलता १० सेकंद धरा.

खोटा माहितीपट हा विद्यार्थ्यांसाठी सुंदर प्रकार आहे : न घडलेली गोष्ट माहितीपटाच्या संकेतांत सांगायची. तो जमतो तेव्हा त्यातले लोक पूर्ण गंभीर असतात. एकालाही आपण गमतीत आहोत हे कळलं की डोलारा पडतो.

दोन जॉनर मिसळले तर?

एक यजमान, एक पाहुणा. शेवट कोणाचा, हे आधी ठरवा. ज्याचा शेवट तो यजमान. भय आणि विनोद मिसळताना माणसं विनोदी असू द्या, भूत मात्र पूर्ण गंभीर ठेवा. दोन्ही बाजू हसायला लागल्या की धोका उरत नाही.

तमाशापट, संतपट हे आजच्या प्रकल्पात उपयोगी पडतात का?

नक्कीच, आणि तिकडे फार थोडे जण वळतात. प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ आणि १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ ही मराठीने स्वतः घडवलेल्या दोन जॉनरची ठळक नावं आहेत. त्यांचे संकेत मोजा : संतपटात चमत्काराआधी अपमान येतो, अभंग प्रसंगातून उगवतो, देवापेक्षा घरातली चूल जास्त दिसते. तमाशात गण (गणेशवंदना), गौळण, बतावणी (विनोदी सवाल-जवाब), वग (मुख्य नाट्य) असा क्रम असतो. हा क्रम आजच्या कॉलेज-निवडणुकीच्या गोष्टीला लावून पाहा. बतावणीच्या जागी व्हॉट्सॲप ग्रुपवरची चकमक सहज बसते. मात्र लावणी कलावंतांची वेशभूषा ‘फक्त रंगासाठी’ घेऊ नका. ती करणाऱ्यांशी बोलून मगच लिहा.

खोटं रक्त कसं करायचं?

केकच्या सामानाच्या दुकानात मिळणारं लिक्विड ग्लुकोज १ वाटी, कोमट पाणी २ चमचे, लाल खाद्यरंग पाव चमचा, कोको पावडर अर्धा चमचा. ढवळून १० मिनिटं ठेवा. कोको नसेल तर रंग टोमॅटो सॉससारखा भडक दिसतो. पातळ वाटलं तर कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात कालवून घाला. आधी मोबाइलवर, त्याच उजेडात, चाचणी घ्या. पिवळ्या दिव्याखाली ते फिकट दिसतं. डोळ्यांजवळ लावू नका, गोडामुळे मुंग्या लागतात म्हणून लगेच पुसा, आणि सारखे दिसणारे तीन शर्ट ठेवा, कारण डाग निघत नाहीत.

पोस्टरवर मराठी शीर्षक विचित्र का दिसतं?

तीन कारणं. पहिलं, इंग्रजी थरारपटांसारखी अक्षरं लांब-लांब ठेवली जातात. देवनागरीत असं केलं की शिरोरेषा तुटते. अंतर हवंच असेल तर शब्दांमध्ये द्या किंवा शीर्षक हाताने रेखाटा. दुसरं, फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं फुटतात. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ पर्याय निवडला की ती जुळतात. तिसरं, ओळी इतक्या जवळ येतात की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो.

फॉन्ट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत का ते पाहा. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मोफत मिळतात आणि स्वच्छ दिसतात. रक्त ओघळणारी अक्षरं टाळा : जॉनर चित्रानेच सांगितला असेल तर अक्षरांनी तो पुन्हा सांगायची गरज नसते.

पार्श्वसंगीत कुठून आणायचं?

चित्रपटातलं गाणं परवानगीशिवाय घेऊ नका. भारतात गीत आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. तुकारामांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत, पण एखाद्या गायकाचं ध्वनिमुद्रण किंवा संगीतकाराची चाल तशी असेलच असं नाही. वर्गातल्या कोणाकडून नव्या चालीत गाऊन घेणं हा उत्तम मार्ग. कापसाचा बोळा गुंडाळलेल्या काठीने तांब्याच्या हंड्यावर मारलेला एक ठोका, निम्म्या वेगाने वाजवला, तर भयपटाला पुरतो.

परवानग्या कोणत्या लागतात?

खासगी जागेसाठी मालकाचं लेखी पत्र. सार्वजनिक रस्त्यावर स्थानिक पालिकेची आणि पोलिसांची. रेल्वे स्थानकात किंवा गाडीत रेल्वेच्या परवानगीशिवाय चित्रण करू नका. खोटं पिस्तूल किंवा पोलिसांचा गणवेश असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात आधी सांगा. लांबून पाहणाऱ्याला ते खरंच वाटतं आणि प्रसंग धोक्याचा होतो. लहान मूल असेल तर पालकांची लेखी संमती, आणि भीतीच्या प्रसंगाआधी सगळं कसं खोटं आहे ते त्या मुलाला दाखवा.

टिपणात ‘आम्ही जॉनरचे संकेत वापरले’ असं लिहिलं तरी गुण का मिळत नाहीत?

कारण त्यात निर्णय दिसत नाही. ‘भयनिर्मितीसाठी कमी उजेड आणि संगीत वापरलं’ हे वाक्य कोणत्याही लघुपटाला लागू पडतं. त्याऐवजी असं लिहा : ‘अभ्यासलेल्या तिन्ही भागांत धक्क्याआधी संगीत वाढत जातं. आम्ही २:१० ला संगीत पूर्ण काढलं आणि फक्त रहाटाची कुरकुर ठेवली, कारण विहिरीकडे लक्ष आवाजाने जावं असं ठरलं होतं. चाचणीत पाचपैकी तिघांनी विहिरीकडे पाहिलं; दोघांना आवाज झोक्याचा वाटला, म्हणून पहिल्या मिनिटात रहाट दाखवणारा शॉट वाढवला.’ संकेत कुठे दिसला, आपण काय केलं, नेमकी वेळ, परिणाम, दुरुस्ती. अशी पाच उदाहरणं हजार शब्दांत बसतात. व्याख्यांवर पानं भरू नका.

यासाठी शूटिंगच्या दिवसांतच रोजची नोंदवही ठेवा. महिन्याभराने कारणं आठवत नाहीत.

संकेत प्रेक्षकापर्यंत पोहोचले की नाहीत, कसं तपासायचं?

कच्चं संकलन झालं की गोष्ट माहीत नसलेली पाच माणसं गोळा करा. त्यातला निदान एक जण कॉलेजबाहेरचा, शक्यतो चाळिशीच्या पुढचा. पहिलं मिनिट आवाज बंद करून दाखवा, थांबवा, आणि दोन प्रश्न कागदावर लिहून घ्या : हा कोणत्या प्रकारचा चित्रपट आहे? आता काय होईल असं वाटतं? बोलून विचारलं तर पहिल्याच्या उत्तरामागे बाकीचे जातात. मग पूर्ण लघुपट आवाजासह दाखवा आणि तुम्ही पडद्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहा. कोण कधी हललं, कोणी मोबाइल उचलला, त्याची मिनिट-सेकंदासह नोंद करा.

पहिल्या प्रश्नाला पाच वेगळी उत्तरं आली तर पहिलं मिनिट पुन्हा कापा. दुसऱ्या प्रश्नाला पाचही उत्तरं सारखी आणि बरोबर आली, तर मोडलेला संकेत अजून मोडलेला नाही. तिथे एखादा शॉट नव्याने घ्यावा लागेल. म्हणून ही चाचणी जमा करण्याच्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी ठेवा, आणि कपडे, वस्तू व लोकेशनची किल्ली तोवर परत करू नका.